विश्लेषण : येऊरचा चिखल ते स्पितीचा बर्फ... माउंटन बाइक सज्ज कशी करायची?

पहिला पाऊस पडला की ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधील सायकलस्वारांचे दोन गट पडतात. एक गट सायकल गॅलरीत प्लास्टिकखाली झाकून ठेवतो आणि थेट दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढतो. दुसऱ्या गटाचा खरा हंगाम याच वेळी सुरू होतो. रविवारी पहाटे उपवनहून येऊरचा चढ, नेवाळी नाक्यावरून मलंगगडाचा पायथा किंवा बदलापूरमार्गे बारवी धरणाचा परिसर असे त्यांचे बेत असतात. यातीलच काही जण पुढे जानेवारी-फेब्रुवारीत स्पिती किंवा लडाखच्या बर्फात सायकल घालण्याचे स्वप्न पाहतात. कोकणातील पाऊस आणि हिमालयातील बर्फ यांत तापमानाचा फरक पन्नास अंशांचा असू शकतो. सायकलचे दुखणे मात्र दोन्हीकडे सारखेच. चाकाखाली पकड नसते, ब्रेक उशिरा लागतात आणि यंत्राच्या सांध्यासांध्यांत पाणी शिरते.

बर्फातील सायकलचा आपल्याशी काय संबंध?

बर्फावर सायकल ही नवी कल्पना नाही. अलास्कात सोने सापडल्याच्या काळात, १९०० साली, एड जेसन हा खाणकामगार कॅनडातील डॉसनहून गोठलेल्या युकॉन नदीवरून सायकल चालवत नोमपर्यंत गेला. अंतर सुमारे हजार मैल. त्यानंतर १९८७ मध्ये अलास्कात ‘इडिटाबाइक’ ही बर्फावरील शर्यत सुरू झाली. नेहमीचे दोन इंची टायर भुसभुशीत बर्फात रुततात हे तिथल्या स्पर्धकांना लगेच कळले. फेअरबँक्समधील कारागिरांनी मग रुंद रिम बनवायला सुरुवात केली. पुढे २००५ मध्ये ‘सर्ली’ या अमेरिकी कंपनीने ‘पग्सली’ ही जाड टायरची सायकल बाजारात आणली. आज ठाण्यातील सोसायट्यांच्या आवारात शाळकरी मुले ज्या ‘फॅट बाइक’वर मिरवतात तिचे मूळ हे असे बर्फात आहे. डांबरी रस्त्यावर तिचा उपयोग फारसा नाही. वजन जास्त, चाक फिरवायला ताकद जास्त आणि भाव खाऊन जाणारे रूप, एवढेच पदरी पडते.

मराठी सायकलस्वारांनाही बर्फाचा अनुभव आहे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये सायकलवरून जगप्रदक्षिणा करताना सुमारे २९ हजार किलोमीटर अंतर १५९ दिवसांत कापले. त्या प्रवासात रशियात तिला उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत बर्फाळ रस्त्यांवरून एकटीने जावे लागले.

फिनलंडमधील ओलू शहरात लोक हिवाळाभर सायकलने शाळेत आणि कामाला जातात. तिथे सायकल मार्गांवरील बर्फ पूर्ण खरवडून काढण्यापेक्षा दाबून घट्ट केला जातो आणि वर बारीक खडी पसरली जाते. म्हणजे हवामान बदलता येत नसले तरी पृष्ठभाग सांभाळता येतो. आपल्याकडे पृष्ठभागाची जबाबदारी ज्या यंत्रणांवर आहे त्यांच्याकडून ती दर पावसाळ्यात किती पार पाडली जाते, हे घोडबंदर रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. कल्याणमध्ये २०१८ च्या पावसाळ्यात खड्ड्यांमुळे पाच जणांचे बळी गेले होते. सायकलस्वाराला या रस्त्यांवर स्वतःच्या तयारीवरच विसंबावे लागते.

पावसात सायकल नेमकी का घसरते?

चाक पाण्यावर तरंगते आणि म्हणून सायकल घसरते, असा समज सर्वत्र आहे. मोटारीच्या बाबतीत तो खरा आहे. सायकलच्या बाबतीत जवळपास नाहीच. टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हा टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असतो. ४० पीएसआय दाब असलेल्या टायरसाठी हा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास येतो. शिवाय सायकलचा टायर गोल आणि अरुंद असल्याने पाणी दोन्ही बाजूंना सहज फेकले जाते. एवढ्या वेगाने शीळ रस्त्यावर कुणी सायकल चालवत नाही. त्यामुळे टायरवरच्या नक्षीतून पाणी निघून जाते म्हणून पकड मिळते, हे दुकानात ऐकवले जाणारे कारणही डांबरी रस्त्यापुरते तरी खरे नाही.

घसरण्याची खरी कारणे रस्त्यावर पडलेली असतात. सर्वात धोकादायक असतो पहिला पाऊस. आठ महिने साचलेली धूळ, वाहनांतून गळलेले तेल आणि टायरचा झिजलेला रबर यांचा पहिल्या सरीत पातळ, बुळबुळीत थर तयार होतो. तो धुऊन जायला दोन-तीन मुसळधार पाऊस लागतात. हवामान विभागाच्या नोंदीनुसार मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख ११ जून आहे. पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. सायकलची पावसाळी तयारी जूनवर ढकलणाऱ्यांची त्या वर्षी धांदल उडाली.

दुसरे कारण म्हणजे रस्त्यातील रस्ता नसलेले भाग. गटारांची लोखंडी झाकणे, झेब्रा पट्ट्यांचा रंग, मेट्रोच्या कामासाठी अंथरलेले पोलादी पत्रे, डंपरच्या चाकांतून पडलेला मातीचा लगदा, शेवाळलेले पेव्हर ब्लॉक. कोरड्यात यांची जाणीवही होत नाही. ओल्या पोलादी पत्र्यावर मात्र चाकाची गत बर्फावरच्यासारखीच होते. काँक्रीटची मार्गिका आणि डांबर यांच्यामधली उभी फट हा आणखी एक सापळा. ती चाकाच्या दिशेलाच समांतर असते आणि पाण्याने भरली की दिसत नाही. रेल्वे रूळ किंवा अशी फट ओलांडायची वेळ आली तर शक्य तितक्या काटकोनात ओलांडावी, हा नियम ट्रामच्या काळापासून चालत आलेला आहे.

आकडे पाहिले तर फरक लक्षात येतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल चांगले ब्रेक असतील तर कोरड्या रस्त्यावर साधारण तीन मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर पाच मीटर लागतात, दाबलेल्या बर्फावर आठ, तर गुळगुळीत गोठलेल्या थरावर पंधराहून अधिक. यात धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद धरलेला नाही. त्या एका सेकंदात सायकल आणखी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. समोरच्या रिक्षामागे किती अंतर ठेवायचे, याचा हिशोब इथूनच निघतो.

टायर रुंद हवा की अरुंद, आणि हवा किती?

या प्रश्नावर सायकलस्वारांच्या गटांत तासन् तास वाद होतात. कारण उत्तर चाकाखाली काय आहे त्यावर बदलते.

मोकळा, खोल बर्फ दाबला जातो पण त्याला तळ सापडत नाही. तिथे वजन जास्त क्षेत्रावर पसरवावे लागते. म्हणून चार इंची टायर आणि पाच ते आठ पीएसआय इतकी कमी हवा. बोटाने दाबला तर टायर सहज आत जावा, इतकी कमी. मलंगगडाच्या पायथ्याच्या पायवाटांवर किंवा मुरबाडच्या शेतांकडेने असणारा चिखल वेगळा असतो. वर तीन-चार इंच लगदा आणि खाली घट्ट मुरूम किंवा कातळ. इथे जाड टायर चिखलावर फसतो, तर तुलनेने अरुंद टायर लगदा कापून खालच्या घट्ट थराला जाऊन भिडतो. चिखलासाठी खास बनवलेले टायर दोन इंचांच्या आसपासचे, उंच आणि विरळ गुट्ट्यांचे असतात ते यासाठीच. गुट्टे विरळ असले की दोन गुट्ट्यांमधला चिखल चाक फिरताना उडून जातो. दाट नक्षीच्या टायरमध्ये तो अडकतो आणि पाच मिनिटांत टायरचा गुळगुळीत मातीचा रोळ होतो. भातशेतीच्या चिकट मातीत तर चिखल चौकट आणि टायर यांच्यामधल्या जागेत साचून चाकच थांबते. त्यामुळे टायर निवडताना तो चौकटीत बसतो का एवढेच पाहून चालत नाही. दोन्ही बाजूंना बोट जाईल इतकी जागा उरते का, तेही पाहावे लागते.

पण या भागातील बहुतेक माउंटन बाइक प्रत्यक्षात नव्वद टक्के वेळ डांबर आणि काँक्रीटवरच चालतात. ओल्या काँक्रीटवर मोठे गुट्टे फायद्याचे नाहीत, उलट तोट्याचे आहेत. रस्त्याला भिडणारे रबर कमी होते आणि वळणावर गुट्टे वाकतात. अशांसाठी मध्यभागी सलग पट्टी आणि कडेला गुट्टे असलेला टायर हा व्यवहारी पर्याय आहे. तो येऊरच्या रस्त्यालाही चालतो आणि मलंगगडाच्या कच्च्या वाटेवरही अगदी हात टेकायला लावत नाही.

हवेचा प्रश्न याहून नाजूक. हवा कमी केली की टायर पसरतो, पकड वाढते आणि दणके कमी बसतात. मात्र खड्डा आला की टायर पूर्ण दबून ट्यूब रिम आणि दगडाच्या कडेमध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. साप चावल्यासारखी. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरलेला असतो, त्याची खोली कळत नाही, त्यामुळे हा धोका दुप्पट होतो. साधारण ७० ते ७५ किलो वजनाच्या स्वारासाठी आणि २.१ ते २.२५ इंची ट्यूबच्या टायरसाठी कोरड्या रस्त्यावर ४० ते ४५ पीएसआय ठीक. पावसात शहरातील रस्त्यांसाठी ३२ ते ३६, आणि फक्त कच्च्या वाटेवर जायचे असेल तर २८च्या आसपास. मागच्या चाकावर वजन जास्त असल्याने तिथे दोन-तीन पीएसआय अधिक. टायरच्या बाजूवर छापलेली किमान आणि कमाल मर्यादा ओलांडू नये. खड्ड्यांच्या रस्त्यांवर २५च्या खाली जाणे ट्यूबलेस टायर असल्याशिवाय महागात पडते.

ही हवा अंगठ्याने दाबून मोजता येत नाही. गेज असलेला पंप ही पावसाळी खरेदीतील पहिली वस्तू असायला हवी, महागडे जाकीट त्यानंतर. पेट्रोल पंपावरील यंत्राने सायकलमध्ये हवा भरणेही टाळलेले बरे. सायकलच्या टायरमध्ये हवा मावते थोडी आणि यंत्र भरते झपाट्याने. दोन सेकंदांचा विलंब टायर फुटायला पुरतो.

पंक्चरचे प्रमाण पावसात वाढते ते केवळ काचा आणि काटे वाहून रस्त्यावर येतात म्हणून नव्हे. ओले रबर कोरड्या रबरापेक्षा सहज कापले जाते. पाणी इथे वंगणाचे काम करते. त्यामुळे घरी आल्यावर टायर बोटांनी चाचपून रुतलेली बारीक काच किंवा बाभळीचा काटा काढणे, हे दोन मिनिटांचे काम पुढच्या रविवारचा तास वाचवते.

ब्रेकचे काय?

जुन्या पद्धतीच्या, रिमला रबर लागणाऱ्या ब्रेकमध्ये पावसाळ्यात एक उणीव असते. ओल्या रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत चाक एक-दोन फेरे फिरते आणि मग ब्रेक एकदम पकडतो. शिवाय रेतीमिश्रित पाण्यामुळे रबर घासकागदासारखे काम करते आणि ॲल्युमिनियमची रिम झिजते. पावसात सायकल पुसताना हाताला लागणारी काळी राड ही बरीचशी रिमचीच भुकटी असते. असे ब्रेक असतील तर उतारापूर्वी ते हलकेच लावून रिम पुसून घेण्याची सवय हवी.

डिस्क ब्रेक या बाबतीत उजवे आहेत, कारण चकती चिखलापासून दूर असते आणि लहान असल्याने लवकर कोरडी होते. परवडणाऱ्या सायकलींत वायरचे डिस्क ब्रेक येतात. वायरच्या नळीत पाणी आणि माती शिरली की ब्रेक दाबायला जड जातो. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये ही अडचण नाही. खरा फरक पॅडचा. रेझिनचे पॅड शांत असतात, पण चिखलपाण्यात झपाट्याने झिजतात. येऊरच्या उतारावर भर पावसात काही आठवडे काढले तर त्यांचा फडशा पडू शकतो. धातूमिश्रित पॅड आवाज करतात, पण टिकतात. मात्र पॅड बदलण्यापूर्वी आपली चकती धातूच्या पॅडसाठी योग्य आहे का, हे पाहावे. स्वस्त चकत्यांवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना कोरलेली असते. आणि चेनवर मारलेल्या तेलाच्या फवाऱ्याचा एक थेंबही चकतीवर गेला, तर पॅड टाकून देण्याची वेळ येते.

सायकलमध्ये पाणी शिरू नये यासाठी काय करावे?

दूधवाल्याची किंवा पाववाल्याची जुनी काळी सायकल पाहावी. तिला दोन्ही चाकांवर पूर्ण लांबीचे मडगार्ड असतात, चेन पत्र्याच्या डब्यात बंद असते, मागे कॅरिअर आणि चाकावर चालणारा डायनॅमो. पन्नास पावसाळे काढलेल्या या सायकली अजून चालतात. त्यांच्या चार-पाच पट किमतीच्या माउंटन बाइकवर यातले काहीच नसते. डोंगरात मडगार्डमध्ये चिखल अडकतो हे कारण रास्त आहे, पण खरेदीदारांपैकी डोंगरात जाणारे किती? चौकटीला आणि सीटखाली अडकवता येणारे प्लास्टिकचे मडगार्ड काही शे रुपयांत मिळतात. मागच्या चाकाचे पाणी पाठीवर उडते एवढाच त्रास त्यांनी वाचत नाही. पुढच्या चाकाचे रेतीचे पाणी थेट चेन आणि पेडलच्या बेअरिंगवर उडते, तेही थांबते.

चेन हा पावसाळ्यातील सर्वात दुर्लक्षित भाग. शिलाई मशीनचे तेल पहिल्याच सरीत धुऊन जाते. गॅरेजमधले जळके ऑइल टिकते, पण रेती धरून ठेवते आणि चेन आतून घासते. पावसासाठी बनवलेले दाट वंगण चेनच्या प्रत्येक कडीवर एक थेंब असे सोडावे, चेन दहा-बारा वेळा उलटी फिरवावी आणि मग बाहेरचे तेल फडक्याने पूर्ण पुसावे. तेल कड्यांच्या आत हवे, बाहेर नको. चेन किती झिजली हे मोजायला यंत्राची गरज नाही, शाळेची पट्टी पुरते. नव्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून मोजलेल्या १२ इंचांवर बरोबर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलावी. एक अष्टमांश इंच गेला असेल, तर चेनसोबत मागच्या दातेरी चकत्यांचाही खर्च आलाच म्हणून समजावे.

सायकल घरी आणल्यावर बादलीभर पाण्याने आणि ब्रशने धुवावी. गाड्या धुण्याच्या केंद्रावरचा जोराचा फवारा मारू नये, त्याने बेअरिंगमधले ग्रीस बाहेर आणि पाणी आत जाते. सीटच्या दांड्यातून चौकटीत उतरलेले पाणी हा एक छुपा शत्रू आहे. महिन्यातून एकदा सीटचा दांडा काढून सायकल उलटी केली, तर कधीकधी कपभर पाणी निघते. दांड्याला ग्रीस लावून तो परत बसवावा. नाही तर दोन पावसाळ्यांनंतर तो चौकटीत असा काही रुतून बसतो की कारागीरही हात टेकतो.

दिव्यांबाबत थोडक्यात. आयपीएक्स-४ म्हणजे केवळ शिंतोड्यांपासून संरक्षण. मुसळधार पावसात सहा किंवा त्यावरच्या श्रेणीचा दिवा हवा. मागचा लाल दिवा दिवसाही सुरू ठेवावा, कारण ओल्या काचेतून ट्रकचालकाला सायकल दिसणे कठीण असते. हेल्मेट तर बाराही महिने.

कुठे जावे, कुठे थांबावे?

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकल नेणे वेगळे आणि परवानगीशिवाय जंगलातल्या वाटांवर ती घालणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग होतोच, शिवाय हा बिबट्यांचा अधिवास आहे. पहाटेच्या अंधारात एकट्याने तिथे उतारावर वेग घेण्यात शौर्य नाही.

कल्याणच्या पुढे प्रश्न जंगलाचा नसून पाण्याचा आहे. कल्याण-मुरबाड मार्गावरील उल्हास नदीवरचा रायता पूल आणि टिटवाळ्याजवळचा काळू नदीवरचा रुंदे पूल हे जोरदार पावसात पाण्याखाली जातात. उल्हास नदी किती झपाट्याने फुगते, हे २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली तेव्हा सर्वांनी पाहिले. घोट्यापर्यंतचे वाहते पाणी सायकलचे चाक सहज आडवे करते, कारण चाकाच्या तारांवर आणि टायरवर बाजूने दाब येतो आणि स्वाराचे पाय जमिनीवर नसतात. वाहत्या पाण्यातून सायकल चालवू नये, हातात धरूनही नेऊ नये. माळशेज घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात, कोंडेश्वर आणि बारवी परिसरात धबधब्यांवर बुडण्याच्या घटना घडतात. त्यामुळे जिल्हा प्रशासन अशा ठिकाणी मनाई आदेश काढते. निघण्यापूर्वी ते पाहणे हा तयारीचाच भाग.

साचलेल्या पाण्याचा धोका वेगळा. पायाला खरचटलेले असेल आणि तुंबलेल्या पाण्यातून जावे लागले असेल, तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता धरून एक ते तीन दिवसांत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रतिबंधक गोळी कुणी आणि किती घ्यायची हे त्यांनीच ठरवायचे असते, सायकल गटातील जाणकाराने नव्हे.

चालवण्याची पद्धत बदलावी लागते का?

बर्फ, चिखल आणि ओला पोलादी पत्रा या तिन्हींवर नियम एकच. काहीही अचानक करायचे नाही. ब्रेक वळणापूर्वी, सायकल सरळ असताना लावायचे. वळणात फक्त सायकल वळवायची. पुढचा ब्रेक सोडून द्यायचा नाही, पण दोन बोटांनी हळूहळू दाबायचा. चढावर सीटवरून उठले की मागच्या चाकावरचे वजन जाते आणि ते जागच्या जागी फिरते. म्हणून बसून, मध्यम गिअरवर, एकसारखे पेडल मारायचे. सीट एक-दोन सेंटिमीटर खाली घेतली तर घसरताना पाय पटकन टेकतो. बुटाला कुलूपबंद होणारे पेडल असतील, तर पावसाळ्यापुरते साधे पेडल लावणे शहाणपणाचे. खड्डा चुकवण्यासाठी झटकन उजवीकडे वळणे हा घोडबंदरसारख्या अवजड वाहनांच्या रस्त्यावर खड्ड्यात पडण्यापेक्षा मोठा धोका आहे. मागे कोण आहे हे माहीत नसेल तर वेग कमी करून, दोन्ही पेडल समपातळीत ठेवून आणि सीटवरून किंचित उठून खड्ड्यातून जाणेच बरे.

आणि खरोखरच बर्फात जायचे असेल तर?

पावसातील सवयी तिथे कामाला येतात. कपड्यांचे गणित मात्र उलटे होते. कोकणच्या दमट पावसात रेनकोटच्या आत घामाने भिजायचे की बाहेर पावसाने, एवढाच प्रश्न असतो. दोन्हीत जिवाला धोका नाही. उणे पंधरा अंशांत घामाने भिजलेला कपडा शरीराची उष्णता काही मिनिटांत खेचून घेतो. म्हणून सुती कपडा अंगावर नकोच. आत लोकरीचा किंवा घाम ओढून घेणारा थर, मध्ये ऊब धरणारा, बाहेर वारा अडवणारा. निघताना पहिली दहा मिनिटे थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजली नाही तर कपडे जास्त झाले. बूट एक माप मोठे घ्यावेत, घट्ट बुटात दोन मोजे घातले की रक्तप्रवाह अडतो आणि बोटे आधी बधिर होतात. गॉगल ऐच्छिक नाही. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांनी काही तासांत डोळे सुजतात.

टायरमध्ये टंगस्टन कार्बाइडचे खिळे असलेले प्रकार गोठलेल्या रस्त्यावर सर्वोत्तम. भारतात ते सहज मिळत नाहीत. जुन्या टायरला आतून बारीक स्क्रू टोचून आणि ट्यूबला जाड पट्टीचे अस्तर लावून घरगुती खिळ्यांचा टायर करणारे आहेत. तो काही दिवस चालतो, डांबर लागले की स्क्रू झिजतात. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये खनिज तेल असेल तर कडाक्याच्या थंडीत ते दाटते आणि ब्रेक सुस्त होतो. साधे ग्रीसही घट्ट होते. दिव्यांच्या आणि मोबाइलच्या लिथियम बॅटऱ्या थंडीत भराभर उतरतात, त्या अंगालगतच्या खिशात ठेवाव्या लागतात. विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या केबिनमधल्या सामानातच न्याव्या लागतात. रेल्वेने जाणाऱ्यांना सायकल पार्सल व्हॅनमधून पाठवता येते. गिअरचा नाजूक भाग काढून चौकटीला बांधून घेतला नाही, तर तो वाकून पोहोचण्याची शक्यता असते.

हिवाळ्यात स्पितीत शिमला-किन्नौर मार्गानेच जाता येते, मनालीकडून येणारी कुंझुम खिंड बर्फाने बंद असते. हा लांबचा मार्ग एका अर्थाने उपकारक आहे. उंची हळूहळू वाढते आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर पेडल मारत राहण्याऐवजी तिथेच थांबावे, त्रास वाढला तर खाली उतरावे.

सुमारे ३,७०० मीटरवरील काझात पोहोचल्यावर एक काम सर्वात आधी करावे लागते. डोंबिवलीत २५ पीएसआय भरलेला टायर तिथे त्याच तापमानाला ३० पीएसआय दाखवेल, कारण बाहेरच्या हवेचा दाब कमी झालेला असतो. त्याच वेळी उणे पंधरा अंशांची थंडी आतली हवा आकसवते आणि वाढलेला दाब जवळपास सगळा परत घेते. दुपारच्या उन्हात आणि पहाटेच्या थंडीत त्यामुळे एकाच टायरचा आकडा वेगळा येतो. निघण्याच्या वेळी, बाहेरच्या थंडीत अर्धा तास उभ्या ठेवलेल्या सायकलची हवा गेजने मोजायची आणि त्यानुसार ती भरायची किंवा सोडायची.